गॅसच असेल गं

अगं, परवा रात्री पाऊण वाजता तुझा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य काय बोललीस, आठवतं? ‘ताई, झोपली होतीस का? सॉरी हं.’ मांडीवर 103 ताप असलेलं पोर, नवरा पीथमपूरला रात्रपाळीवर, सासूबाई देवासमोर बसलेल्या, आणि तू माझ्या झोपेची माफी मागत होतीस. मग हळूच विचारलंस, ‘एमवाय हॉस्पिटलला नेऊ, का सकाळी डॉक्टरकाका येईपर्यंत थांबू?’

मी तुलाच उलटे प्रश्न विचारत सुटले. पाणी पितोय का? शेवटची शू कधी केली? औषधाने ताप जरा उतरला की डोळे उघडून बघतो का, खेळणं मागतो का? हनुवटी छातीला टेकवता येते का? अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत का? श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडतात का? तू टॉर्च घेऊन एकेक बघून सांगितलंस. मधेच त्याने ‘मावशीशी मीच बोलणार’ म्हणून फोन ओढला आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, थांब सकाळपर्यंत. काकांनी त्याच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं पॅरासिटामॉल दे, घोट घोट पाणी पाज, आणि यातलं एक जरी उत्तर रात्रीतून बदललं तर मला फोनसुद्धा न करता सरळ नीघ.

सकाळी काकांनी घसा बघितला, औषध दिलं, आणि आज स्वारी पोह्यांवर शेव कमी पडली म्हणून भांडतेय. छान झालं. पण त्या रात्री तुला निम्मंच उत्तर दिलं मी. उरलेलं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

बाबांच्या त्या जानेवारीतल्या रात्रीबद्दल तुला जे माहीत आहे ना, ते आम्ही गाळून सांगितलेलं. तू पुण्याला होस्टेलवर, परीक्षा तोंडावर आलेली. ‘हार्टचा त्रास झाला, अँजिओप्लास्टी केली, आता बरे आहेत,’ एवढंच कळवलं. घडलं होतं ते असं. आम्ही सगळे सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू खायला गेलो होतो. घरी येऊन बाबा झोपले आणि साडेबाराला पलंगाच्या कडेवर उठून बसले. बाहेर मरणाची थंडी आणि यांचं बनियन ओलं. ‘काय होतंय?’ विचारलं तर म्हणाले, ‘काही नाही. गॅसच असेल गं. गराडू नडला.’ सिनेमात छातीवर हात दाबून कोसळतात, तसलं काहीसुद्धा नव्हतं. जबडा दुखतोय म्हणाले, तर आई म्हणाली, दाढ असेल, गेल्या महिन्यातही ठणकत होती. मग ओवा झाला, सोडा झाला, बेंबीभोवती हिंगाचा लेप झाला. ‘आता बरं वाटतंय’ म्हणाले. वाटत नव्हतं. आम्ही झोपावं म्हणून म्हणाले.

तीन वाजता उलटी झाली तेव्हा मी चप्पल घातली. आणि नेलं कुठे, तर जवळच्या एका नर्सिंग होममध्ये, कारण आईचं ऑपरेशन तिथे झालेलं, माणसं ओळखीची. तिथल्या पोरसवदा डॉक्टरने ईसीजी काढला, कागदाकडे दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, ‘मॅडम, इथे कॅथलॅब नाही, अँजिओप्लास्टी होत नाही. लगेच हलवा.’ पुन्हा ॲम्ब्युलन्स, पुन्हा नवं फाटक, नवा फॉर्म, डिपॉझिट. शीर उघडली तेव्हा पाच वाजून गेले होते. म्हणजे साडेचार तास.

तुला वाटतं बाबा वयाने थकले. रामबागेतून राजवाड्यापर्यंत रोज पायी जाणारा माणूस आता ओटल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतो, तर वय झालं असंच कुणालाही वाटेल. ते त्या साडेचार तासांनी थकले गं. हृदयाचा जो स्नायू रक्तावाचून मेला, तो परत येत नाही.

आणि मला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? दहावीला विज्ञान शिकवते मी! थंडीत घाम, जबड्यात कळ, वीस वर्षांचा मधुमेह. कुणा मुलाने पेपरात लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते. मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. एवढ्या रात्री ॲम्ब्युलन्स आली तर अख्खा मोहल्ला जागा होईल. तिथे गेलो आणि खरंच गॅस निघाला तर डॉक्टर हसतील. बाबा आठवडाभर ऐकवतील, उगाच चार-पाच हजार घालवलेस म्हणून. निव्वळ संकोच. आपल्या घरात तो संस्कार म्हणून मुरवलाय, कुणाला आपली तोशीस नको. म्हणून तुझं ते ‘सॉरी हं’ मला बोचलं.

तर ऐक आता. मी डॉक्टर नाही, त्यानंतरची वर्षं हॉस्पिटलांच्या बाकांवर बसून शिकलेली बाई आहे. कुणाला काही झालं की मी दोन गोष्टी बघते. सकाळपर्यंत थांबलो तर काही कायमचं हातचं जाईल का? आणि याला जे लागणार आहे ते काकांच्या दवाखान्यात आहे का? काकांकडे चाळीस वर्षांचा अनुभव आहे, आपल्या तीन पिढ्यांची कुंडली आहे. पण ऑक्सिजन, सीटी स्कॅन, रक्तपेढी, ऑपरेशन थिएटर यातलं काही नाही. ज्याला ते लागणार, त्याला काकांच्या बाकावर बसवणं म्हणजे काकांनाही पेचात टाकणं.

छातीत दडपण, डावा हात-खांदा-जबडा-पाठ यांत कळ, घाम, दम. दहा-पंधरा मिनिटांत बसलं नाही तर कॅज्युअल्टी, चर्चा नको. बायकांचं आणि मधुमेही माणसांचं आणखी फसवं असतं. छातीत दुखतही नाही कधीकधी, नुसती मळमळ, जीव घाबरा, कारण नसताना गळून जाणं. सासूबाईंना साखर आहे, हे लक्षात ठेव. दारात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी आणि अँजिओप्लास्टी करायची तर दीड तासाच्या आत, असा दंडक मोठ्या हॉस्पिटलांत पाळायचा असतो. तिथे लोक मिनिटं मोजतात आणि आपण घरात ओवा भाजत बसतो. अजून एक. शेजारचे जोशीबिशी सॉर्बिट्रेट घेऊन धावत येतील, ‘जिभेखाली ठेवा’ म्हणतील. डॉक्टरने सांगितल्याशिवाय ठेवू नकोस. आधीच बीपी पडलेलं असेल तर माणूस तिथेच आडवा होतो.

लकव्याचं तर याहून घाईचं. आमच्या समोरच्या काकूंच्या हातातून सकाळी चहा गाळताना कप सुटला, बोलणं जड झालं. सून म्हणाली झोप नीट झाली नसेल, पडा थोडं. दुपारी उठल्या त्या उजवी बाजू लुळी घेऊनच. तोंड एका बाजूला ओढलं जातंय का, दोन्ही हात वर केल्यावर एक खाली घसरतो का, साधं वाक्य नीट उच्चारता येतं का, एवढं बघायला एक मिनिट पुरतं. यातलं एक जरी बिघडलं तरी पुरे. मेंदूची शीर तुंबली असेल तर दर मिनिटाला जवळजवळ 19 लाख पेशी जातात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन करून, कारण शीर तुंबली नसून फुटली असेल तर तेच इंजेक्शन घातक. म्हणून डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, ‘शेवटचे ठणठणीत कधी पाहिले?’ ती वेळ हातावर पेनने लिहून ठेव. मी थट्टा करत नाही, त्या गोंधळात स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. आणि पाणी, चहा, बीपीची जादा गोळी, काहीही तोंडात घालायचं नाही. गिळता येत नसलं तर ते श्वासनलिकेत जातं.

मुलांचं तुला परवा सांगितलंच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला तरी वाट बघायची नाही, हे तुझ्या जावेला सांग, ती आता बाळंत होणार आहे ना. आणि तिला हेही सांग की बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त गेलं, किंवा डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘दिवस भरत आले की असं होतंच’ म्हणणाऱ्या सगळ्या बायकांना घरी ठेवून हॉस्पिटल गाठायचं. तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळव, घड्याळ बघ, तोंडात चमचा घालू नकोस, नाकाला कांदा-चप्पल नको. पाच मिनिटांत थांबला नाही तर उचल आणि नीघ. रिमोटमधली बटणासारखी बॅटरी गिळली असेल तर मूल हसत-खेळत असलं तरी लगेच न्यायचं. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही जाळते. डोक्याला मार लागून पुन्हा पुन्हा उलट्या, न आवरणारी झोप, फिनेल किंवा कीटकनाशक पोटात जाणं, साप चावणं, हे सगळं याच खात्यात. साप चावल्यावर दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, बाबाबुवांकडे तर नेऊच नये. प्रतिविष सरकारी रुग्णालयात फुकट मिळतं.

डेंगूचं एक विचित्र आहे. ताप उतरला की घर सुटकेचा श्वास सोडतं आणि नेमका तोच दिवस धोक्याचा. ताप गेल्यावर पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस सुस्तावला, तर प्लेटलेटचा आकडा कितीही चांगला असो, हॉस्पिटल.

बाकीचं बहुतेक थांबू शकतं बरं का. हे म्हणणं माझ्यासाठी अवघड आहे, कारण बाबांच्या त्या रात्रीनंतर दोन वर्षं मी प्रत्येक शिंकेला मोठ्या हॉस्पिटलात धावले. एकदा आमच्या ह्यांच्या पाठीत उसण भरली, तर मी त्यांना रात्रभर इमर्जन्सीत झोपवलं. रक्ताच्या सात तपासण्या, एक्स-रे, सकाळी बिल, आणि निदान काय, तर सिलिंडर उचलला होता. न्यू जर्सीची आपली मामेबहीण सांगते, तिकडे यासाठी ‘अर्जंट केअर’ अशी पाटी लावलेले वेगळे दवाखानेच असतात. टाके, मुरगळलेला पाय, कान दुखणं, लघवीची जळजळ, असल्या गोष्टी तिथे, आणि जिवावरचं ते इमर्जन्सीत. चुकीच्या दारात शिरलं की बिलाने फेस येतो म्हणे. आपल्याकडे ती पाटी नाही, पण ते काम करणारी माणसं आहेत. काकांची संध्याकाळची ओपीडी आहे. संजीवनी क्लिनिक आहेत, मध्य प्रदेशातलं पहिलं 2019 मध्ये आपल्याच इंदूरच्या निपानियात उघडलं. साधा ताप, खोकला, बीपी तपासणं, ड्रेसिंग, तिथे फुकट होतं आणि मोठ्या रांगेत दुसऱ्याची जागा अडत नाही. टाके घालायचे, एक-दोन सलाइन लावायच्या, तर चांगलं नर्सिंग होम उत्तम. मी नर्सिंग होमवर राग धरून नाही गं. चूक त्या पोराची नव्हती, त्याने तर दोन सेकंदांत खरं सांगितलं. चुकीच्या दारात नेलं ते मी.

आणि कुत्रं चावलं तर? आपल्या कॉलनीत रात्री स्कूटरमागे लागतात ती काय सांगायची! इंदूरच्या माणसाला उत्तर पाठ आहे, लाल अस्पताल, म्हणजे हुकुमचंद पॉलिक्लिनिक. पण तिथे जायच्या आधी नळाखाली साबण लावून पुरती पंधरा मिनिटं जखम धुवायची, हे बहुतेकांना पाठ नसतं. हळद, तिखट, चुना काही नको. इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू करायची आणि तारखा चुकवायच्या नाहीत. रक्त आलं असेल तर जखमेभोवती द्यायचं वेगळं इंजेक्शन लागतं, ते आपण होऊन विचार. दोन दिवसांनी बघू म्हणण्यासारखा हा रोग नाही, एकदा लक्षणं दिसली की कुणाच्याच हातात काही राहत नाही.

आता एमवाय. तू नाक मुरडतेस, मला माहीत आहे. यशवंतराव होळकर महाराजांच्या नावाचं ते सात मजली अवाढव्य प्रकरण, व्हरांड्यात चटया टाकून झोपलेले धार-झाबुआ-खरगोनचे नातेवाईक, तो वास. पण मोठा अपघात, भाजणं, विषबाधा, सर्पदंश यांसाठी मी डोळे मिटून तिथे जाईन. रात्रीचे तीन असोत की दिवाळी, तिथे डॉक्टर असतात, रक्त असतं, आणि असल्या केसेस त्यांनी रोज हाताळलेल्या असतात. मुलांसाठी त्याच आवारात चाचा नेहरू रुग्णालय आहे.

कॅज्युअल्टीत गेलीस की एक गोष्ट सोसावी लागेल. तू आधी आलीस म्हणून तुला आधी बघणार नाहीत. आपल्या लोकांची भांडणं होतात ती इथेच. नेपोलियनच्या फौजेत लारे नावाचा सर्जन होता, त्याने जखमी शिपायांचा हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावायला सुरुवात केली, तीच रीत आज सगळ्या इमर्जन्सींत आहे. जो जोरात ओरडतोय त्याचा श्वास निदान चालू असतो. कोपऱ्यात गप्प पडलेल्याकडे नर्स आधी धावेल. तुला थांबायला सांगितलं तर त्यात थोडा आनंदच मान. पण बसल्या बसल्या माणूस जास्त बिघडला तर मात्र संकोच गुंडाळून उठायचं आणि नर्सला हाताला धरून आणायचं.

रस्त्यावरच्या अपघातात लोक अजूनही ‘पोलिस केस आहे, आधी रिपोर्ट’ म्हणून कचरतात. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच निकाल दिलाय, परमानंद कटारा खटल्यात. एका स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं, जवळच्या हॉस्पिटलने पोलिस केस म्हणून हात लावला नाही, दूरच्या हॉस्पिटलात नेता नेता तो गेला, या बातमीवरून तो खटला उभा राहिला. सरकारी असो की खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. आणि 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. काउंटरवर हे शांतपणे बोलून दाखव. आवाज चढवण्यापेक्षा योजनेचं नाव घेतलेलं जास्त चालतं, हा माझा अनुभव.

108 ला फोन करताना पत्ता इंदुरी पद्धतीने सांग. घर नंबर कुणाला सापडत नाही. कुठला चौराहा, कुठलं मंदिर, कोपऱ्यावरचं मेडिकल. एकाला गल्लीच्या तोंडाशी टॉर्च घेऊन उभं कर, लिफ्ट वर बोलावून ठेव, ओटल्यासमोरच्या स्कूटर हलव. रंगपंचमीच्या गेरच्या मिरवणुकीला आणि अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांच्या रात्री राजवाड्याकडून जायचं मनातही आणू नकोस. गंमत बघ, याच इंदूरने 2015 पासून अवयवदानासाठी कितीदा ग्रीन कॉरिडॉर केलेत, मेलेल्या माणसाचं यकृत विमानतळावर मिनिटांत पोचवायला अख्खं शहर बाजूला होतं. आणि जिवंत माणसाच्या ॲम्ब्युलन्सपुढे भिया लोक कचोरीसाठी गाडी आडवी लावतात. माणूस बोलत असेल, बसू शकत असेल आणि 108 ला वेळ लागतोय असं कळलं, तर गाडी काढायला हरकत नाही. मात्र दुखतंय त्याने स्वतः चालवायची नाही, स्कूटरवर मधे बसवून न्यायचं नाही. निघता निघता हॉस्पिटलला फोन करायचा आणि एकच विचारायचं: ‘कॅथलॅब आत्ता चालू आहे का?’ लकवा वाटत असेल तर ‘सीटी आणि न्यूरोचे डॉक्टर आत्ता आहेत का?’ ‘बेड आहे का’ हा प्रश्न आम्ही त्या रात्री विचारला होता. बेड होता.

म्हणून म्हणते, हे रात्री ठरवायचं कामच नाही. दुपारी चहा पिताना ठरवायचं. लोकमान्य नगरातून हृदयासाठी कुठे, लकव्यासाठी कुठे, पोरासाठी कुठे, तीन नावं आणि तीन नंबर फ्रिजवर चिकटव. सासूबाईंना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, कारण तू घरी असशीलच असं नाही. एका पिशवीत त्यांचा जुना ईसीजी ठेव. नव्याशी ताडून बघायला डॉक्टरांना तो सोन्यासारखा असतो. विम्याचं कार्ड, आधारची झेरॉक्स, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते, थोडी रोख, कारण मध्यरात्री यूपीआय नेमकं रुसतं. विमा असेल तर इमर्जन्सीत भरती केल्यावर बहुतेक पॉलिसींत 24 तासांच्या आत कळवावं लागतं, तो नंबरही त्यातच.

आणि सासूबाई ‘गॅसच असेल गं’ म्हणाल्या, तर ‘हो आई, गॅसच असेल, तिथल्या डॉक्टरांकडूनच ऐकू’ म्हण आणि चप्पल घाल. ईसीजी काढून गॅसच निघाला तर मी स्वतः छप्पन दुकानवर सगळ्यांना शिकंजी पाजेन.

रविवारी येतेयस ना पोह्यांना? येताना सासूबाईंच्या सगळ्या गोळ्यांची पानं घेऊन ये, कापलेली अर्धी पानंसुद्धा. बाबांचीही काढून ठेवते. आपण दोघी बसून याद्या करू, माझं अक्षर मोठं आहे.